सपाट पावलांचा दोष कोणाच्या पदरी?

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात सानगडी हे जुन्या किल्ल्याचे आणि धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. भंडारा जिल्ह्याची गणना हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत होते. क्युलेक्स जातीच्या डासाच्या दंशातून सूक्ष्म कृमी शरीरात शिरतात आणि काही वर्षांनी माणसाचा पाय खांबासारखा सुजतो. हा रोग हटविण्यासाठी सरकार वेळोवेळी सामुदायिक औषधोपचाराची मोहीम काढते. मोहीम निघते म्हणजे प्रत्यक्षात आशा स्वयंसेविका निघते. ती घरोघर जाते, गोळ्या मोजते, माणसाने त्या समोर गिळल्या की नाही हे पाहते, जो घरी सापडला नाही त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. इतरांचे पाय सुजू नयेत म्हणून धुऱ्याधुऱ्यांवरून चालणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे घोटे संध्याकाळी सुजलेले असतात, टाचेतून कळ निघत असते, पोटऱ्यांत गोळे येत असतात. हत्तीरोगाच्या सुजेसाठी रकाना आहे, नोंदवही आहे, वरिष्ठांना पाठवावयाचा अहवाल आहे. या दुसऱ्या सुजेसाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही. सरकारच्या लेखी ती सूज अस्तित्वातच नाही.

सपाट पाऊल आणि पोटरीच्या स्नायूंचा टिकाव हा विषय अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येऊ लागला आहे. परिचारिका, दाया, प्रयोगशाळेतील सहायक अशा तासन् तास उभे राहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे पाय मोजले जातात, कमान किती खचली ते पाहिले जाते आणि शेवटी पायाचे व्यायाम करा, बुटात आधाराची गादी घाला, वजन आटोक्यात ठेवा असा उपदेश केला जातो. हा उपदेश खोटा नाही. पोटरीला व्यायामाने बळ येते हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जे वैद्यकाच्या तोंडी अपुरे सत्य असते, तेच प्रशासनाच्या तोंडी गेले की निव्वळ मखलाशी बनते. कारण मग दुखणे कामाचे उरत नाही, ते पायाचे होते. आणि पाय तर जिचा तिचा खाजगी! या मखलाशीचा समाचार घेणे श्रमिक चळवळीचे कर्तव्य आहे.

पाऊल कसे खचते

प्रथम पावलाची रचना समजून घेतली पाहिजे. मानवी पावलाच्या आतल्या बाजूस हाडांची एक कमान असते. ती केवळ हाडांच्या जुळणीवर उभी नसते. तळव्यातील जाड पडदा, अस्थिबंध आणि स्नायू मिळून तिला तोलून धरतात. यांतला सर्वांत महत्त्वाचा स्नायू पोटरीच्या खोल भागातून निघतो, आतल्या घोट्यामागून वळसा घेतो आणि कमानीला खालून उचलून धरतो. वैद्यक त्यास टिबियालिस पोस्टेरियर म्हणते. तळव्यातील लहान स्नायू त्याला साथ देतात. हे लहान स्नायू मुद्दाम थकविले असता कमान काही मिलिमीटर खाली उतरते, हे प्रयोगांत मोजून पाहिले गेले आहे. आधीच खचलेली कमान सांभाळताना तर टिबियालिस पोस्टेरियरला प्रत्येक पावलागणिक अधिक राबावे लागते. अशा रीतीने सपाट पाऊल स्नायूला थकविते आणि थकलेला स्नायू पावलाला अधिक सपाट करतो.

पोटरीचे दुसरेही एक कार्य आहे. चालताना तिचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायातील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे ढकलतात. माणूस एका जागी ताटकळत उभा राहिला की हा पंप जवळजवळ बंद पडतो, रक्त खाली साचते, घोटे सुजतात, शिरा फुगतात. म्हणजे परिचारिकेला उभे राहणे बाधते आणि आशाला अमर्याद चालणे बाधते. दोघींना हवी असते ती मधली विश्रांती, आणि नेमकी तीच दोघींना मिळत नाही.

येथे सत्याशी प्रतारणा होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक सपाट पाऊल रोगट नसते. सर्व बालके सपाट पावलांनीच जन्मतात आणि साधारणतः दहाव्या वर्षापर्यंत कमान तयार होते. काहींची ती होत नाही, आणि तरीही ते आयुष्यभर विनातक्रार चालतात. तेव्हा उभे राहणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल खचते, किंवा प्रत्येक खचलेल्या पावलाचे मूळ नोकरीत असते, असे कोणी म्हणत असेल तर ती अतिशयोक्ती होईल. मध्यम वयात पावलाची कमान नव्याने ढासळते तिच्यामागे वाढते वजन, मधुमेह, रक्तदाब अशी अनेक कारणे असतात आणि हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. परंतु अनेक कारणे असणे म्हणजे कामाचा संबंध नसणे नव्हे. इतर कारणांनी दुबळ्या झालेल्या पायावर जो पालक दहा तासांचे ओझे लादतो, त्याने ‘पाय मुळातच दुबळा होता’ असा बचाव करणे हा शुद्ध मानभावीपणा आहे. मग तो पालक सरकार का असेना.

‘पाय मुळातच दुबळा’ या म्हणण्यालाही फारसा आधार नाही. दोन भारतीय डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षे वयाच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलाचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्या मुलांत केवळ 2.8 टक्के आढळले. सानगडीच्या परिसरात लहानपणी अनवाणी शाळेत गेलेल्या, आईबरोबर रोवणीच्या चिखलात उतरलेल्या मुली पुढे आशा झाल्या. या अभ्यासाच्या आधारे पाहिले तर त्यांच्या पायांना बालपणाने सुदृढ कमान देण्याचीच शक्यता अधिक होती. गरिबीने जे एक धन त्यांना अजाणता दिले असेल, ते प्रौढपणी कामाने हिरावून घेतले तर त्याचा जाब नशिबाला विचारावयाचा काय?

उक्त्या कामाचा हिशेब

समाजाने स्त्रीच्या पावलाला नेहमीच नशिबाशी जोडले आहे. घरात आलेल्या सुनेनंतर काही अशुभ घडले की ती ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. अंगणात लक्ष्मीची पावले रेखाटायची आणि हाडामांसाच्या बाईच्या पावलांवर अपयशाचे खापर फोडायचे, ही जुनी रीत आहे. प्रशासनाची रीत याहून फारशी निराळी नाही. गौरवाच्या दिवशी ते आशाची पावले पूजते आणि मोबदल्याच्या दिवशी तिची पावले मोजण्याचे नाकारते. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला, तेव्हा राज्यकर्त्यांच्या अभिनंदनाला पूर आला. त्या अभिनंदनात ‘कामगार’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला गेला.

हा शब्द टाळण्यामागे हिशेब आहे. 12 एप्रिल 2005 रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. साधारण 1000 लोकसंख्येमागे एक आशा नेमावयाची, तिला ‘स्वयंसेविका’ म्हणावयाचे आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला द्यावयाचा, अशी योजना ठरली. नवजात बालकाच्या घरी जाऊन तपासणी करण्याचेच उदाहरण घ्यावे. या पद्धतीचा पाया जवळच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घातला आणि 1999 साली त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. गावातली स्त्री बालकाचे प्राण वाचवू शकते हे या कामाने जगाला दाखविले. 2011 साली सरकारने हे काम आशांकडे सोपविले. दवाखान्यात जन्मलेल्या बालकाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची. सहा भेटींचे मिळून 250 रुपये ठरले. एका भेटीला 42 रुपयेही पडत नाहीत. बाळंतीण माहेरी किंवा शेतावर गेल्यामुळे मारावे लागणारे हेलपाटे या हिशेबात नाहीत. घर शेजारी असो वा टोलीवर दोन मैल दूर, दर एकच. सरकारने भेट विकत घेतली आणि भेटीपर्यंतची वाट फुकट पदरात पाडून घेतली.

कारखानदारीत यालाच उक्ते काम म्हणतात. मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, 1867 साली, उक्त्या मजुरीचे जे विश्लेषण केले त्याचे सार हेच आहे की, या पद्धतीत मालकाला देखरेख करावी लागत नाही; मजूर स्वतःच स्वतःला जुंपतो आणि कामाचा दिवस स्वतःच लांबवितो. सानगडीच्या आशाला कोणी सकाळी सात ते रात्री नऊ चालण्याचा हुकूम देत नाही. मोबदल्याचा तक्ता हाच हुकूम असतो. थकलेल्या पोटरीला विश्रांती द्यावी तर मोबदला बुडतो. मोबदला मिळवावा तर पोटरी थकते. अशा स्त्रीला ‘दर तासाला पाच मिनिटे बसत जा’ असा सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला चौरस आहाराचे महत्त्व समजावून सांगणे होय.

आहाराचा उल्लेख अनाठायी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्नायूचा टिकाव त्याला रक्तातून मिळणाऱ्या प्राणवायूवर अवलंबून असतो. गावाला लोहाच्या गोळ्या वाटणारी स्त्री त्याच गावाची, त्याच ताटातली असते. आषाढात रोवणी लागली की सरकारी काम उरकून ती मजुरीसाठी चिखलात वाकून उभी राहते, कारण मोबदल्यात घर चालत नाही. तिच्या पायांवर दोन पाळ्यांचे काम असते, तिसरी पाळी चुलीपाशी.

बसण्याचा हक्क

बसण्याची सोय ही काही क्रांतिकारक मागणी नव्हे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था करणे मालकाला बंधनकारक केले होते. केरळात कापडदुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून 2018 साली हा हक्क दुकानांच्या कायद्यात आणविला. 2021 साली तामिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. रुग्णालयातील परिचारिकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1977 सालीच 149 क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यावर अद्याप मोहोर उठविलेली नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत आरोग्यसेवेतून होणाऱ्या संसर्गजन्य रोगांना व्यवसायजन्य रोगाचे स्थान मिळाले. उभे राहण्यातून आणि चालण्यातून येणाऱ्या पायाच्या विकारांना मिळाले नाही. जंतूची बाधा कायद्याला दिसली, श्रमाची बाधा दिसली नाही.

भंडारा जिल्ह्याला या प्रश्नाचा एक ऐतिहासिक संदर्भही आहे. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथून उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. त्याच वेळी येथील दुसऱ्या जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे 1946 साली कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. त्या घटनेला आठ दशके होत आली, आणि त्याच जिल्ह्यातील आशाच्या आठवड्याला तासच नाहीत. ज्याला तास नाहीत त्याला जादा कामही नाही, आणि ज्याला जादा काम नाही त्याला थकवा येण्याचा अधिकारही नाही, असा हा कायदेशीर न्याय आहे!

2013 साली भरलेल्या 45 व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा देण्याची शिफारस केली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी त्या परिषदेत असतात. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निर्णय देताना मानधन हे वेतनच होय हे मान्य केले. तरीही आशांच्या बाबतीत ‘स्वयंसेविका’ या शब्दाची ढाल पुढे केली जाते. महाराष्ट्रातील आशांनी ऑक्टोबर 2023 मध्ये संप केला, मिळालेले आश्वासन पाळले गेले नाही म्हणून जानेवारी 2024 मध्ये पुन्हा केला आणि मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडले. मार्च 2024 मध्ये दरमहा 5000 रुपयांची वाढ मान्य झाली. ज्यांना कामावर कोणी बसू दिले नाही, त्यांना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले. वाढ संघर्षाने मिळाली. कामगार हा दर्जा मात्र मिळाला नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप चळवळीतूनच येतो. वेतनाचा आणि कायम करण्याचा प्रश्न लोंबकळत असताना पावलांची चर्चा कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतात. त्यांच्या लक्षात येत नाही की, हा वेतनाचाच प्रश्न आहे. श्रमिकाजवळ विकण्यासाठी एकच वस्तू असते, त्याचे शरीर. वेतन वाढले आणि पन्नाशीत पाय निकामी झाले, तर वाढीव वेतन हे त्या पायांची हप्त्याहप्त्याने झालेली विक्रीच ठरते. हमालाच्या पाठीवरचे ओझे किती असावे या प्रश्नावर महाराष्ट्रात लढे झाले आणि ज्यांना एक निश्चित मालक नव्हता अशा श्रमिकांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला. ‘यांचा मालक कोण?’ या प्रश्नावर तेव्हा तोडगा निघू शकला. आशाच्या बाबतीत तर मालक कोण हे सानगडीचे शाळकरी पोरही सांगेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आधीच तयार ठेवले पाहिजे. पाय मोजण्याची मागणी केली तर प्रशासन ते मोजीलही, पण उलट्या हेतूने. सैन्यभरतीत सपाट पावलाचा उमेदवार बाद होतो हे गावोगावच्या तरुणांना ठाऊक आहे. उद्या हाच निकष परिचारिकांच्या भरतीला लागला, किंवा चाळिशीतल्या आशाला ‘शारीरिकदृष्ट्या अपात्र’ ठरवून घरी बसविले गेले, तर उपचाराचे हत्यार झाले असे होईल. म्हणून तपासणी हवी ती कर्मचाऱ्याच्या संमतीने, निष्कर्ष राहावेत कर्मचाऱ्याच्या हाती, आणि त्यांच्या आधारे कोणाचेही काम जाणार नाही अशी लेखी हमी असावी. कामाला साजेशी पावले निवडून घ्यावयाची की पावलांना झेपेल असे काम आखावयाचे, हाच दोन समाजव्यवस्थांमधील फरक आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात कर्मचाऱ्यांना बसण्याची जागा आणि बसण्याचा वेळ हा हक्क म्हणून मान्य व्हावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी आणि रिक्त पदे भरली जावीत. कारण रिकामी खुर्ची म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी दुप्पट उभे राहणे. मोबदला ठरविताना अंतर मोजले जावे, प्रवासभत्ता आणि योग्य पादत्राणे मिळावीत. मोहिमेत एका दिवसाच्या घरांवर मर्यादा असावी. दीर्घकाळ उभे राहण्याने आणि चालण्याने होणाऱ्या विकारांना व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान मिळावे. या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी म्हणजे आशा आणि गटप्रवर्तक यांना कामगाराचा दर्जा.

परंतु मागण्यांचे पत्रक छापून भागणार नाही. पुरावा गोळा केला पाहिजे, आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उमटविलेला ठसा कमानीविषयी बरेच सांगून जातो. भिंतीला बोटे टेकवून, एका पायावर उभे राहून टाच किती वेळा पूर्ण उचलता येते हे मोजले की पोटरीचा टिकाव कळतो. निरोगी प्रौढासाठी 25 हा आकडा बराच काळ मानदंड मानला गेला. वयाप्रमाणे तो कमी होतो हे ध्यानात ठेवावे. युनियनच्या बैठकीत दर सहा महिन्यांनी ही मोजणी झाली, सोबत त्या महिन्यात किती घरे आणि किती मैल चालणे झाले याची नोंद राहिली, तर दोन वर्षांत जिल्हा परिषदेच्या टेबलावर ठेवण्याजोगे दस्तऐवज तयार होतील. टाच उचलण्याचा व्यायामही त्या बैठकीत अवश्य शिकविला जावा. व्यायाम हा श्रमिकाच्या शरीराचा हक्क आहे, मालकाच्या जबाबदारीला तो पर्याय नाही.

सानगडीत पुढच्या मोहिमेच्या दिवशी पक्षाच्या कार्यकर्त्याने एका आशाबरोबर, तिची अनुमती घेऊन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालून पाहावे. घरे मोजावीत, हेलपाटे मोजावेत, ती किती वेळा आणि किती मिनिटे टेकली ते लिहून घ्यावे. हत्तीरोगाच्या नोंदवहीत जो रकाना सरकारने आखला नाही, तो चळवळीने आपल्या वहीत आखावा. तो भरत गेला की सरकारला त्याची दखल घ्यावीच लागेल.